आग्रह न करणारी माणसं

"मी घरी परत जायचं म्हणते," मी म्हणाले.

रिट्वाने कॉफीचा कप बशीत ठेवला. "कधी?"

"दिवाळीच्या आधी. पुढच्या आठवड्यातसुद्धा जमेल."

"आणि इकडे परत कधी येशील?"

"परत नाही येणार. कायमचीच जाते."

"बरं," ती म्हणाली आणि नवऱ्याकडे वळून फिनिशमध्ये काहीतरी बोलली. ताउनोने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मग आपल्या मोजक्या इंग्रजीत तो मला म्हणाला, "बुधवारी मी मोकळा आहे. स्टेशनवर सोडेन."

"थँक यू," मी म्हणाले.

मी खिडकीतून बाहेर पाहत राहिले. तळ्याकाठच्या बर्च झाडांची पानं झडून गेली होती. आता कुणीतरी काहीतरी म्हणेल, म्हणून मी थांबले होते. अगं, असं कसं, अर्धं सत्र टाकून कुणी जातं का, जरा दम धर. माझ्याकडे उत्तरंही तयार होती. पण रिट्वाने उठून कप विसळायला घेतले आणि बुधवारी थंडी किती असेल ते सांगितलं.

ही तेरा-चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा अकोल्याला वनशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला होते. आमच्या वर्गातून एका विद्यार्थ्याला एक सत्र फिनलंडला जाता येणार होतं आणि त्या जागेवर माझी निवड झाली होती. गाव जोएन्सू, देशाच्या पूर्वेला, चारी बाजूंनी जंगल आणि तळी. ऑगस्टच्या शेवटी गेले, डिसेंबरात परतायचं होतं. सत्र मध्येच सोडलं तर तिथले गुण धरले जाणार नव्हते. अकोल्याला वर्ष मागे पडणार होतं आणि अशी संधी दुसऱ्यांदा मिळत नाही, हे आमच्या विभागप्रमुखांनी निघताना मला दोनदा बजावलं होतं.

रिट्वा आणि ताउनो ही मला नेमून दिलेली माणसं. तिथल्या विद्यापीठाची पद्धत अशी की बाहेरून आलेल्या प्रत्येकाला गावातलं एक कुटुंब जोडून द्यायचं. आठवड्यातून एकदा जायचं, बसायचं, काही खायचं. रिट्वा लाकडाच्या कारखान्याच्या कार्यालयातून निवृत्त झालेली. इंग्लंडच्या गिऱ्हाइकांशी तिनेच पत्रव्यवहार केला होता, त्यामुळे तिचं इंग्रजी हळू पण नेमकं होतं. पहिल्या दिवशी मी तिला आंटी म्हटलं. ती म्हणाली, "मी तुझी आत्या नाही, मावशीही नाही. माझं नाव रिट्वा." आईपेक्षा मोठ्या बाईला नावाने हाक मारायला माझी जीभ रेटत नव्हती. मी नाव घेत होते आणि मनात तुम्ही म्हणत होते.

त्याच दिवशी तिने राय या धान्याच्या पिठाच्या पातळ पारीत भात भरून भाजलेले खास तिथले पीराक्का केले होते. वर उकडलेलं अंडं कुस्करून मिसळलेलं लोणी. घरभर वास सुटला होता आणि मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. तिने ताटली पुढे केली. मी म्हटलं, "नको, थँक यू." तिने ताटली ताउनोपुढे नेली. त्याने दोन घेतले, तिने एक घेतला, उरलेले झाकून ठेवले. मी पाण्याचे घोट घेत बसले. परतताना बसमध्ये पोटात कावळे ओरडत होते आणि मला वाटत होतं, या बाईला आपण नकोसे आहोत.

पुढच्या खेपेलाही तेच झालं, त्याच्या पुढच्याही. आमच्या गावी, दारव्ह्याला, कुणाच्या घरी पहिल्याच शब्दाला 'आण' म्हणणारी पोरगी हावरट ठरते. इथे मात्र मी उपाशी ठरत होते.

परत जायचं कारण विचाराल तर मोठं काही नव्हतं. कुणी आजारी नव्हतं, कुणी माझा अपमान केला नव्हता. भरलेल्या बसमध्ये कुणी कुणाशी बोलत नसे. वसतिगृहाच्या मजल्यावर सहा जण राहत होतो, पण स्वयंपाकघरात कुणी आलं तर 'हाय' म्हणून आपला डबा उचलून जात असे. दुपारी चार वाजल्यापासून उजेड कमी कमी होत जाई. आणि संध्याकाळी घरी स्काइप लागे.

आईने माझ्यासाठी स्काइप लावायला शिकून घेतलं होतं. मी संगणक सुरू केला की तिकडे ती समोर बसलेलीच असे, मागे आमच्या बैठकीतला हिरवा पडदा.

"जेवली का व?"

"हाव."

"काय जेवली?"

"भात केला होता."

"नुसता भात? वाळून गेली बाप्पा तू. तोंड पाह्य कसं झालं." मग ती जरा थांबे. "नाही करमत ना?"

"नाही."

"नाही करमत तं ये परत. कोणी काही म्हणत नाही."

रोज हेच. रोज त्याच क्रमाने.

एक गोष्ट मी आईला सांगत नव्हते. दिवसा मला करमत होतं. आठवड्यातून तीन दिवस आमचा वर्ग जंगलात असे. एक चौरस आखून घ्यायचा, त्यातलं प्रत्येक झाड छातीच्या उंचीवर मोजायचं, उंची काढायची, वय काढायचं. माझा जोडीदार युहो नावाचा तिथलाच मुलगा होता. तासन् तास बोलायचा नाही, पण मी चुकले तर खोडाची जाडी मोजायचा कॅलिपर माझ्या हातातून घेऊन पुन्हा नीट लावून दाखवायचा. महिनाभरात माझी नजर इतकी बसली की उंची मी आधी अंदाजाने सांगायची आणि मग आम्ही उपकरणाने ताडून पाहायचो. शेवाळावर पाय ठेवला की घोट्यापर्यंत गादीत बुडल्यासारखा जाई. लाल लिंगोनबेरी जमिनीलगत पसरलेल्या असत, करवंदाइतक्याच आंबट. मी ओंजळीने खायची. संध्याकाळी खोलीवर येताना गाल थंडीने तापलेले असत आणि मी गुणगुणत असे.

मग आई पडद्यावर येई, 'नाही करमत ना' म्हणे आणि मी तोंड पाडून 'नाही' म्हणे. खोटं बोलत होते असंही नाही. तिला पाहिलं की खरंच घरी जावंसं वाटे. पण दिवसा मजा आली, हे तिच्यासमोर कसं म्हणायचं? माय एकटी स्वयंपाकघरात माझी आठवण काढतेय आणि मी तिकडे बेऱ्या खात हिंडतेय? आमच्याकडे बाहेरगावी गेलेल्या माणसाने कष्टातच असावं लागतं. तो सुखात आहे म्हणाला की मागे राहिलेल्यांना वाटतं, आपल्याला विसरला. मी आईला वाईट वाटू नये म्हणून रोज थोडं दुःख तिच्यासमोर मांडायची आणि ती त्यावर 'ये' म्हणायची. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ते 'ये' माझ्या डोक्यात इतकं बसलं की मी ते रिट्वाच्या टेबलावर बोलून टाकलं.

दुसऱ्या दिवशी विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांचं काम पाहणाऱ्या काइसाकडे गेले. तिशीतली, चटपटीत बाई.

"मी परत जायचं म्हणतेय."

"अच्छा," ती म्हणाली. "तब्येतीचं काही?"

"नाही. घरची आठवण येते."

"हो, होतं असं." तिने माझ्याकडे कागदी रुमालांचा डबा सरकवला. मी रडत नव्हते. "तिकीट बदलून हवं आहे? मी एजन्सीला फोन करू?"

"करता येईल?"

"येईल की." तिने फोन लावला. पाच मिनिटांत माझं परतीचं विमान गुरुवारवर आलं. "खोली महिनाअखेरपर्यंत तुझ्याच नावावर आहे, किल्ली टपालपेटीत टाकून जा. आणि विमानात बसण्याआधी मला एक मेल कर, मग मी तुझं नाव सत्रातून कमी करेन. आधी करत नाही. लोकांचे बेत बदलतात."

"माझा बदलणार नाही," मी म्हणाले. मला वाटलं, ती म्हणेल, बघ, विचार कर.

"बरं," ती म्हणाली.

युहोला जंगलातच सांगितलं. तो झाडाला पट्टी लावत होता. त्याने आकडा वाचला, मी लिहून घेतला, मग तो म्हणाला, "म्हणजे सोमवारपासून मी मिकाबरोबर जाऊ?"

"जा."

"ठीक आहे." आणखी दोन झाडं झाल्यावर तो म्हणाला, "तुझा उंचीचा अंदाज मिकापेक्षा चांगला आहे." एवढंच.

मी मनात सगळ्यांवर चिडले होते. दोन महिने या माणसांत काढले आणि एकाच्याही तोंडून 'थांब' निघत नाही. जितकी चिडले तितकी भराभर बॅग भरली.

घरी सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं, आई आनंदाने उठून बाबांना हाक मारेल.

"आई, मी येऊन राहिली."

"कुठं?"

"घरी. बुधवारी निघते. शुक्रवारी नागपूर."

पडद्यावर ती हललीच नाही. मला वाटलं नेट अडकलं.

"आई?"

"कायमची?"

"हाव."

"ये," ती म्हणाली. "ये बाप्पा. घर तुझंच आहे." आणि ती उठली. पडद्यावर नुसता हिरवा पडदा राहिला. थोड्या वेळाने बाबा येऊन बसले. ते एसटीत कंडक्टर होते, अंगात अजून खाकी होती.

"तिथं काही झालं का?"

"नाही, बाबा."

"कोणी काही बोललं?"

"कोणी काहीच बोलत नाही, हाच तर त्रास आहे."

"परीक्षेचं?"

"पाहू तिकडं आल्यावर."

"बरं," बाबा म्हणाले. "निघताना पासपोर्ट वरच्या खिशात ठेवजो." आई कुठे आहे विचारलं तर म्हणाले, दूध उतू चाललं होतं. मला वाटलं, आनंदाने रडत असेल.

बुधवारी ताउनो सांगितल्या वेळेच्या दोन मिनिटं आधी दारात उभा होता. रिट्वा मोटारीत पुढच्या सीटवर. माझी मोठी बॅग त्याने एका हाताने उचलली. स्टेशनवर पोहोचलो तेव्हा गाडीला बराच वेळ होता. तिथे कुणीच धावतपळत येत नाही. आम्ही तिघं फलाटावरच्या बाकावर बसलो. थंडी होती, पण ऊन स्वच्छ होतं. गाडी अजून लागायची होती.

बराच वेळ कुणी बोललं नाही. त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. शेवटी मीच म्हणाले, "रिट्वा, एक विचारू का?"

"विचार."

"मी जाते म्हटल्यावर तुम्ही एकदाही थांब म्हणाला नाहीत."

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "तुला तसं म्हणायला हवं होतं?"

"आमच्याकडे म्हणतात."

"कुणाला? ज्याला जायचं आहे त्याला?"

"हो. ज्याला जायचं आहे त्यालाच."

तिने त्यावर विचार केला. ती काही विचारलं की खरंच विचार करायची. "पण तू ठरवलं होतंस ना?"

"तुम्हाला वाईट वाटलं का, मी जाते म्हणून?"

"हो," ती लगेच म्हणाली. "तू त्या दिवशी गेल्यावर मी रडले. ताउनोला विचार."

ताउनो समोरच्या रुळांकडे पाहत होता. "रडली," तो म्हणाला.

मी तिच्याकडे वळले. "मग बोलला का नाहीत?"

"तू मोठी मुलगी आहेस. तू विचार करून बोलली असशील. त्यात मी माझं रडणं आणून टाकलं असतं तर तुला जाणं जड झालं असतं. तुझ्या निर्णयावर मी का बसू?"

मग मी तिला आग्रह म्हणजे काय ते सांगायला लागले. इंग्रजीत त्याला शब्द सापडेना, म्हणून पंगत सांगितली. वाढणारा पोळी घेऊन येतो, आपण नको म्हणायचं. तो म्हणतो, एक तरी. आपण म्हणायचं, पोट भरलं. तो म्हणतो, माझ्या नावाची एक. मग घ्यायची. पहिल्यांदा नको म्हणणं ही रीत झाली, त्याचा पोळीशी संबंध नाही. आणि वाढणाऱ्याने दुसऱ्यांदा विचारलं नाही तर तो माणूस वाईट.

ताउनो आता माझ्याकडे वळून ऐकत होता. "आणि खरंच नको असेल तर?" त्याने विचारलं.

"ताटावर दोन्ही हात पसरायचे. तरी वाढतात. हातावर."

"हातावर?"

"हातावर वरण सांडलेलं मी पाहिलंय."

ताउनोने ते फिनिशमध्ये स्वतःशीच पुन्हा म्हटलं. रिट्वा मात्र हसत नव्हती. ती कुठल्यातरी हिशेबात पडली होती. "थांब," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी मी पीराक्का केले होते. तुला भूक होती?"

"खूप."

"त्याच्या पुढच्या वेळी, मशरूमचं सूप?"

"तेव्हाही."

तिने हातमोजे काढून मांडीवर ठेवले. "मी ताउनोला म्हटलं होतं, या मुलीला माझ्या हातचं चालत नाही. मग मी केलंच नाही. नुसती कॉफी ठेवायला लागले." मग ती नवऱ्याशी फिनिशमध्ये भराभर काहीतरी बोलली आणि ताउनो हसायला लागला. मी त्याला हसताना तोवर पाहिलं नव्हतं. खांदे हलवून, आवाज न करता हसत होता. मग मीही हसले आणि हसता हसता रडायलाच लागले. ती दोघं शेजारीच बसून राहिली. कुणी पाठीवर हात ठेवला नाही, कुणी रडू नकोस म्हणालं नाही.

माझं रडणं संपल्यावर रिट्वा म्हणाली, "तर मग मला आता एक कळत नाही. तू जाते म्हणालीस. ते पोळीचं नको होतं की हातावर सांडण्याचं नको?"

मी बाहीने डोळे पुसले.

"माझ्या आयुष्यात मला कुणी आग्रह केलेला नाही," ती म्हणाली. "मला तो करता येणार नाही. मी थांब म्हटलं म्हणून तू थांबशील, आणि मग नोव्हेंबरात अंधार पडला की तू माझ्याकडे बोट दाखवशील. ते मला नको. मी फक्त विचारू शकते, आणि तेही एकदाच. तुला राहायचं आहे का जायचं आहे?"

दूरवर सिग्नल बदलला. गाडी आत येत होती. हिरवी-पांढरी, हळू.

मी उत्तर शोधायला लागले आणि मला जाणवलं, मला हे असं कधी कुणी विचारलेलंच नव्हतं. अकोल्याला वनशास्त्र घेतलं तेव्हा मामांनी आग्रह केला होता. फिनलंडचा अर्ज सरांच्या आग्रहाने भरला. परत ये हा आईचा आग्रह. प्रत्येक वेळी मी आधी नको म्हणत होते आणि मग कुणाच्या तरी नावाची एक घेत होते. आता समोर दोन माणसं होती, ती माझ्या उत्तराची वाट पाहत होती आणि दोन्ही उत्तरं त्यांना चालणार होती.

गाडी थांबली. दरवाजे उघडले. उतरणारे उतरले. ताउनो बाकावरून उठला, पण बॅगेला त्याने हात लावला नाही.

"राहायचंय," मी म्हणाले.

"बरं," रिट्वा म्हणाली आणि हातमोजे घालायला लागली.

एवढंच झालं. ताउनोने बॅग उचलली आणि आम्ही तिघं स्टेशनबाहेर ताउनोच्या मोटारीकडे चालत आलो. रिट्वाने तिथूनच काइसाला फोन लावला. काइसाने तिकीट पुन्हा डिसेंबरवर टाकते म्हणून सांगितलं आणि विचारलं, गुरुवारच्या वर्गाला येणार आहे का ती. मी हो म्हटलं.

मोटार सुरू केल्यावर ताउनो आरशात पाहून म्हणाला, "आता वेळ आहे. हंस बघायचेत?"

"हो," मी म्हणाले.

तो आम्हाला गावाबाहेर एका उथळ तळ्यावर घेऊन गेला. तिथे आम्ही दुपार उलटेपर्यंत होतो. थर्मासमधली कॉफी होती आणि रिट्वाने मला प्रवासात खायला बांधून दिलेला ब्रेड आम्ही तिघांनी खाल्ला.

खोलीवर आले. किल्ली टपालपेटीत टाकायची राहूनच गेली होती, तिनेच दार उघडलं आणि संगणक लावला. आई समोर नव्हती. तिच्या हिशेबाने मी रेल्वेत होते. बऱ्याच वेळाने तिने उचललं, पदराला हात पुसत.

"काऊन? गाडी चुकली का?"

"नाही. मी येत नाही, आई."

"असं कसं येत नाही? सगळ्याइले सांगून बसली मी. लाडवाचा रवा आणला." तिचा आवाज चढला. "ये गुपचूप. घरचे वाट पाहून राहिले."

नेहमीप्रमाणे मी 'बरं' म्हणायच्या बेतात होते. म्हटलं नाही. "आई, मले एक सांग. मी यावं असं तुले वाटते का?"

"हे काय विचारणं झालं? आईले विचारते."

"एकदाच विचारते. वाटते का?"

ती खुर्चीवर नीट बसली. तिने चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. आमच्या घरात असा प्रश्न कुणी विचारत नाही, त्यामुळे त्याचं उत्तर तिच्यापाशी तयार नव्हतं.

"नाही," ती म्हणाली.

"मंग रोज ये ये कशाले म्हणत होती?"

"मंग काय म्हणू? पोरगी रोज रडकं तोंड घेऊन समोर बसते. येऊ नको म्हणू? कोणती माय म्हणते असं?" तिने पदर खांद्यावर ओढला. "मले वाटे, मी म्हणीन ये, अन् तू म्हणशील, नाही आई, राह्यतो मी. दोनदा म्हणीन, तीनदा म्हणीन, कधी तं म्हणशील. तू म्हणलीच नाही. त्या दिवशी म्हणाली, येऊन राहिली. मी तिकडं जाऊन बसली सांडशी धरून. तुझा बाप जेवला नाही त्या रात्री. म्हणे, पहिल्यांदा कोणी गेलं होतं आपल्यातून, तेही परत येऊन राहिलं."

"मले इथं आवडते, आई."

"काय?"

"आवडते मले इथं. आठवण येते तुमची, रोज येते. पण आवडते. मले राह्याचं आहे."

"मंग सांगत काऊन नव्हती?"

"तुले वाईट वाटलं असतं."

"मले?" ती म्हणाली. मग काही वेळ ती माझ्याकडे पाहत राहिली, जणू मी आत्ता कुठे पडद्यावर नीट दिसायला लागले होते. "दोन महिने झाले तुले तिथं. तू काय पाह्यते, कुठं जाते, मले एक गोष्ट माहीत नाही. शेजारच्या नलूबाई विचारतात, कसं आहे व तिकडं? मी म्हणतो, थंडी आहे. दुसरं सांगाले काहीच नाही माझ्यापाशी." तिने खुर्ची पुढे ओढली. "आज काय केलं ते सांग."

"आज हंस पाह्यले."

"खरे?"

"खरे. तळ्यावर उतरले होते. बर्फ पडायच्या आधी सगळे एकत्र येतात अन् मंग खाली दक्षिणेला जातात."

"चित्रात असतात तसे? मान वाकडी करून?"

"मान सरळ ठेवतात, काठीसारखी. अन् लय ओरडतात. भोंग्यासारखं. पाण्यात डोकं घालून चिखल खातात, बूड वर."

आई हसली. "हंस चिखल खाते?"

"चिखलातली मुळं. अन् उडायच्या आधी पाण्यावर धावतात. पंख आपटत आपटत. इतके जड असतात की लवकर उचलतच नाहीत. आता पडतात का काय असं वाटते, अन् मंग उचलतात."

"थांब," आई म्हणाली. तिने मान मागे वळवली. "अहो, इकडं या. चप्पल नंतर घाला. पोरगी हंसांचं सांगून राहिली, ऐका."

बाबा आले, उभ्या उभ्या वाकून पडद्यात पाहिलं. आईने सरकून त्यांना अर्धी खुर्ची दिली.

"हं," ती म्हणाली. "पहिल्यापासून सांग."

मी खुर्ची पुढे घेतली आणि ताउनोच्या गाडीपासून सांगायला लागले.